पेठचे मुष्टियोद्धे मुरलीकांत पेटकर

मंडळी, मागल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचा वर्ग सुटला. पुस्तकं गोळा झाली, दिवा मालवायची वेळ आली, तरी एक गृहस्थ दाराशी घुटमळत उभे. मेंढरांमागं हिंडण्यात ज्यांचा जन्म गेला, असे ते. आम्ही विचारलं, "काय पाव्हणं, घरी जायचं नाही का आज?"

ते म्हणाले, "गुरुजी, थोरलं पोरगं बॉक्सिंग शिकायचं म्हणतंय. मोबाईलवर कसला तरी शिनेमा बघितलाय त्यानं. त्यातला माणूस आपल्याच बाजूचा हाय म्हणं. आता तुम्हीच सांगा. तोंडावर बुक्क्या खायच्या, दात पाडून घ्यायचं, आणि वर पोट कोण भरणार?"

त्या रात्री आम्ही उत्तर दिलं नाही. नीट माहीत नसलेल्या गोष्टीवर मास्तरानं घाईनं बोलू नये. मग आम्ही वाचलं, चार जाणत्यांना विचारलं, आणि आता लिहीत आहोत. प्रश्न एकाचा असला तरी माणातल्या पुष्कळ घरांत तो आज ना उद्या येणार आहे.

तो सिनेमा म्हणजे 'चंदू चॅम्पियन'. तो २०२४ साली निघाला. ज्यांच्यावर तो काढला आहे त्यांचं नाव मुरलीकांत पेटकर. गाव पेठ. कऱ्हाडहून कोल्हापूरकडे हमरस्त्यानं निघालं की वाटेत पेठ नाका लागतो, तेच हे पेठ. तालुका वाळवा, जिल्हा सांगली. मात्र पेटकरांचा जन्म झाला १९४४ साली, तेव्हा आजचा सांगली जिल्हा झालेला नव्हता. वाळवा तालुका आपल्याच सातारा जिल्ह्यात मोडत होता. म्हणजे पोरगं म्हणालं ते खोटं नाही. माणूस आपल्याच बाजूचा.

आता आधी हे बॉक्सिंग काय आहे ते पाहू. मराठीत त्याला मुष्टियुद्ध म्हणतात. मुष्टी म्हणजे मूठ.

कुस्ती तुम्हाला सांगायला नको. जत्रेचा फड, हलगीचा कडकडाट, लाल माती, लहान पोरांना रेवड्या, नारळावरच्या कुस्त्या आणि शेवटी मोठी जोड, हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे. कुस्तीत धरायचं असतं. मुष्टियुद्धात धरायचं नाही. धरलं तर पंच ओरडतो आणि दोघांना वेगळं करतो. कुस्तीत गड्याची पाठ टेकली की कुस्ती झाली. इथं पाठ टेको वा गुडघा टेको, गडी खाली गेला की पंच मोठ्यानं आकडे मोजू लागतो. दहा म्हणेपर्यंत तो उठून सावरला तर लढत पुढं चालू. नाही उठला तर हरला. हौशी लढतीत गडी चटकन उठला, तरी पंच आठापर्यंत मोजतोच. डोकं ठिकाणावर यायला तेवढी उसंत द्यावी, हा त्यातला हेतू.

फडाला रिंग म्हणतात. रिंग म्हणजे गोल. पण ही रिंग असते चौकोनी! दरेक बाजू साधारण वीस फूट आणि भोवतीनं दोर बांधलेले. हातांना आधी पट्ट्या गुंडाळायच्या, वर जाड मोजे चढवायचे, दातांत रबरी कवळी धरायची. ठोसा मारायचा तो मुठीच्या पुढच्या भागानं. मारायचा कुठं? डोक्याला समोरून किंवा बाजूनं, आणि कमरेच्या वर पोटाछातीला. मानेमागं, पाठीवर, कमरेखाली मारणं गुन्हा. जोड वजनावर लावतात. एक्कावन्न किलोच्या गड्यापुढं ऐंशी किलोचा उभा करत नाहीत. हौशी लढतीत तीन फेऱ्या असतात. एक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विसावा. तीन मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. घरी गेल्यावर दोन्ही हात मुठी वळून तोंडासमोर धरा आणि तीन मिनिटं नुसते हवेत ठोसे मारून पाहा. खांदे दुसऱ्याच मिनिटाला बोलू लागतील.

तर पेटकर. त्यांना लहानपणापासून नाद होता कुस्तीचा. कुस्तीवरूनच गावात भांडण झालं, आणि कोवळ्या वयात आपण गाव सोडलं, असं ते सांगत आले आहेत. घर सोडलेलं ते पोर लष्कराच्या मुलांच्या पलटणीत दाखल झालं. पुढं ते ई. एम. ई. या खात्यात जवान झाले. लष्कराच्या गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करायचं काम हे खातं करतं. तिथं मातीचा फड सुटला आणि हातात मोजे आले. कुस्तीचं पोर मुष्टियोद्धा झालं. आम्हाला यात नवल वाटत नाही. तालमीतल्या पोराची कंबर आणि पाय आधीच पक्के झालेले असतात, आणि ठोशाची ताकद हातात असते असं आपण समजतो, पण ती निघते पायातून आणि कमरेतूनच.

१९६४ साली जपानातल्या टोकियो शहरी निरनिराळ्या देशांच्या सैन्यांतल्या खेळाडूंचा मेळावा भरला. तिथं पेटकर भारताच्या वतीनं मुष्टियुद्धात उतरले. वय पुरतं वीसही नसेल. पेठचं पोर, गाव सोडलेलं, जपानला गेलं.

इथं जरा थांबून 'पोट कोण भरणार' या प्रश्नाकडं वळू. मुष्टियोद्धे दोन जातीचे असतात. एक हौशी आणि दुसरे धंदेवाईक. हौशी म्हणजे गंमत म्हणून खेळणारा, असं समजू नका. तोही जीव तोडून लढतो. पण लढतीच्या इनामावर त्याचं घर चालत नाही. त्याचं पोट भरते त्याची नोकरी. ती लष्करात असेल, पोलिसात असेल, रेल्वेत असेल. पेटकर हौशी होते. हरले तरी पहिल्या तारखेला जवानाचा पगार होताच. आपल्या मोहीच्या ललिता बाबर आठवा. माणच्याच मातीतली ही मुलगी २०१६ साली ब्राझीलमध्ये ऑलिंपिकच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली आणि जगात दहावी आली. त्या काळात तिला रेल्वेची नोकरी होती.

धंदेवाईकाचं तसं नाही. लढत हाच त्याचा पगार. लढतीचा ठेका घेणारा असतो, तो तिकिटं विकतो. लढवय्याचा कारभारी असतो, तो सौदा ठरवतो आणि आपला वाटा कापून घेतो. फेऱ्या तीन नव्हेत, मोठ्या किताबाच्या लढतीला बारा. पूर्वी तर पंधरा होत्या. जिंकला तर पैसा उदंड. डोळा फुटला, बोट मोडलं, तर सहा महिने चूल कशी पेटवायची ते त्याचं त्यानं बघायचं. फार वर्षं ऑलिंपिकमध्ये धंदेवाईक मुष्टियोद्ध्यांना उतरता येत नव्हतं. ती बंदी २०१६ साली उठली.

पेटकर ज्या साली टोकियोला गेले, त्याच साली त्याच शहरात ऑलिंपिक भरलं होतं. आफ्रिका खंडात नायजेरिया म्हणून देश आहे. त्याला स्वातंत्र्य मिळून चारच वर्षं झाली होती. त्या देशाचा नोजिम माइयेगुन नावाचा मुष्टियोद्धा त्या ऑलिंपिकमध्ये उतरला आणि त्यानं कांस्यपदक मिळवलं. नायजेरियाला ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं पदक. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणलं, तेव्हा आपल्याला जे वाटलं तेच त्या लोकांना वाटलं असेल. पुढं माइयेगुन धंदेवाईक झाला. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहरी राहिला. आणि उतारवयात त्याची दृष्टी गेली. पदक जवळ होतं, पण ते बोटांनी चाचपायचं!

त्याच देशाचा दुसरा एक होता, रिचर्ड इहेटू. रिंगमधलं नाव डिक टायगर. हा पक्का धंदेवाईक. १९५५ साली बोटीनं इंग्लंडात गेला. तिथं सुरुवातीलाच एकामागून एक लढती हरला. दुसरा असता तर परतीची बोट धरता. हा कारखान्यात काम करून राहिला आणि शिकत राहिला. १९६२ साली अमेरिकेत जीन फुलमर या नामांकित मुष्टियोद्ध्याला हरवून तो मधल्या वजनाचा जगज्जेता झाला. दुसऱ्या साली फुलमरशी पुन्हा लढत झाली, ती त्याच्या स्वतःच्या देशात, इबादान शहरी. तीही त्यानं जिंकली. १९६६ साली तर एक वजन वर जाऊन त्यानं तिथला किताबही पटकावला. पैसा मिळाला, त्यानं तो गावाकडं घरादारात गुंतवला. आपल्याकडचा माणूस मुंबईला कमावतो आणि गावाकडं विहीर पाडतो, तसंच. पण १९६७ साली नायजेरियात आपसातली लढाई पेटली. त्याचा मुलूख वेगळा व्हायला निघाला होता, तो त्या बाजूनं उभा राहिला. त्या लढाईत त्याची मिळकत गेली. वय झालं, ठोसे चालेनात. एके काळचा जगज्जेता न्यूयॉर्क शहरातल्या एका संग्रहालयात पहारेकरी म्हणून उभा राहू लागला. कामात कमीपणा नाही, आणि त्यानंही तो मानला नसावा. पण तिकीट काढून आत जाणाऱ्यांतल्या किती जणांनी त्याच्याकडं वळून पाहिलं असेल? १९७१ साली काळजाजवळच्या यकृताला कर्करोग होऊन तो वारला. वय अवघं बेचाळीस.

हे दोघे आम्ही मुद्दाम सांगितले. मुष्टियोद्ध्याचं शरीर हेच त्याचं भांडवल. वावर पडीक पडलं तर एक पाऊस आला की पुन्हा पेरता येतं. शरीराचं तसं होत नाही.

पेटकरांचं शरीर तर वयाच्या एकविसाव्या वर्षीच मोडलं. तेही रिंगमध्ये नव्हे. १९६५ साली भारत-पाकिस्तान लढाई झाली. तिच्यात पेटकरांना गोळ्या लागल्या. एक नाही, दोन नाही, नऊ. त्यातली एक पाठीच्या कण्यात रुतून बसली. ती काढता आली नाही. कण्यातून जाड दोरीसारखी एक शीर जाते. डोक्यातला हुकूम तिच्यातून पायांपर्यंत पोचतो. ती दुखावली की हुकूम वाटेतच थांबतो. पाय दिसायला जागच्या जागी, पण आपले राहत नाहीत. ज्या पायांतून ठोसा निघायचा तेच पाय गेले. मुष्टियुद्ध संपलं.

मुंबईला आरमाराचं मोठं इस्पितळ आहे, अश्विनी नावाचं. तिथं त्यांच्यावर उपचार झाले. उपचारातच त्यांना पाण्यात उतरवलं. पांगळ्या माणसाला पाण्यात कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचं कारण साधं आहे. विहिरीत भरलेली घागर पाण्याच्या आत असते तोवर बोटानं ओढली तरी येते. पाण्याबाहेर आली की हात भरून येतो. माणसाचंही तसंच. पाणी अंगाचं ओझं उचलून धरतं. जमिनीवर जो पाय जडशीळ, तो पाण्यात नडत नाही, आणि हातांना मोकळं काम करता येतं. पेटकरांचे हात आणि खांदे होते मुष्टियोद्ध्याचे. रोजची धाव, दोरीवरच्या उड्या, वाळूच्या पोत्यावर ठोसे, असं करून कमावलेला दम होता. लढतीसाठी कमावलेलं ते पाण्यात कामाला आलं, असा आपला आमचा तर्क.

ते नुसते पोहायला शिकले नाहीत. टेबल टेनिस खेळू लागले, भाला फेकू लागले. अपंग खेळाडूंचं वेगळं ऑलिंपिक असतं, त्याला पॅरालिंपिक म्हणतात. त्याचं मूळही लढाईतच आहे. दुसऱ्या महायुद्धात कणा मोडलेले सैनिक इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल इथल्या इस्पितळात होते. तिथले डॉक्टर गुटमन यांनी १९४८ साली त्यांच्यासाठी खेळ भरवले. पुढं १९६० साली रोम शहरी पहिलं पॅरालिंपिक झालं. पेटकर १९६८ साली इस्रायलमध्ये तेल अवीवला गेले ते टेबल टेनिस खेळायला. १९७० साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या अपंगांचे खेळ झाले, तिथं पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं.

परदेशी जायचं म्हणजे खर्च आला. त्या वेळी अपंगांच्या खेळाला विचारतो कोण? विजय मर्चंट हे आपले मोठे क्रिकेट खेळाडू. अपंगांना मदत करणारी एक संस्था ते चालवीत. तिनं प्रवासखर्चाला हातभार लावला.

मग आलं १९७२ साल. आपल्याकडं दुष्काळाचं साल. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना रोजगार हमीची खडी फोडायची आणि सुकडी खायची आठवण असेल. माणगंगा कोरडी, विहिरी कोरड्या, जनावरं खाटकाला. त्याच साली, ऑगस्टात, जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरी पेठचा हा माणूस पाण्यात उतरला. पन्नास मीटर म्हणजे जवळजवळ एकशे पासष्ट फूट. ते अंतर त्यानं सदतीस पूर्णांक तेहेतीस शतांश सेकंदांत काटलं. मनातल्या मनात सावकाश एक ते सदतीस मोजा. तेवढ्यात, पायांच्या जोराशिवाय, हातांनी पाणी तोडत. सुवर्णपदक तर मिळालंच, पण त्या प्रकारातला तो जगातला विक्रमही ठरला. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्णपदक. एकट्यानं खेळायच्या प्रकारात धडधाकट माणसांच्या ऑलिंपिकचं सुवर्ण भारताला मिळालं ते २००८ साली, नेमबाजीत, अभिनव बिंद्रा यांना. छत्तीस वर्षांनी!

आता पोटाचं काय झालं? लढाईनंतर टाटांच्या कारखान्यानं जखमी सैनिकांना मदत देऊ केली. पेटकरांचं म्हणणं पडलं की मदत नको, काम द्या. पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांना काम मिळालं आणि तिथं त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. डिक टायगर जगज्जेता होता, पेटकर नव्हते. पण पेटकरांच्या घरची चूल अखंड पेटती राहिली. हा फरक त्या दोघांच्या अंगच्या गुणाचा नव्हे. एकामागं कुणी उभं होतं, दुसऱ्यामागं नव्हतं.

मान मिळायला मात्र जन्म गेला. सरकारनं पद्मश्री दिली २०१८ साली. खेळातला अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा वय ऐंशी. हायडेलबर्गला बावन्न वर्षं होऊन गेली होती. कुबड्यांच्या आधारानं ते राष्ट्रपतींसमोर गेले. आम्ही ते चित्र दोनदा पाहिलं. राग आला, खरं सांगायचं तर. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता.

हे सगळं घेऊन आम्ही त्या गृहस्थांच्या वाड्यावर गेलो. पोरगंही होतं. त्याला आम्ही आधी भीतीची गोष्ट सांगितली. ठोसा डोक्याला बसला की आतला मेंदू कवटीवर आपटतो. नारळ कानाशी हलवून पाहा, आतलं पाणी कसं डुचमळतं, तसंच. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं आपटला तर त्याचा परिणाम होतो, हे डॉक्टर लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं आहे. अमेरिकेचा मुहम्मद अली हा जगातला सर्वांत नावाजलेला मुष्टियोद्धा. त्याला चाळिशी गाठताच कंपवातानं धरलं. हात थरथरू लागले, बोलणं खुंटलं. ते ठोशांमुळंच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण पुष्कळ जण तसं मानतात. म्हणून डोक्याला ठोसा बसून चक्कर आली, उलटी झाली, आठवेनासं झालं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरकडं जायचं. वस्ताद नको म्हणाला तरी जायचं.

बापाला सांगितलं ते असं. धंदेवाईक मुष्टियुद्धाच्या नादी पोरगं लावू नका. हौशी शिकू द्या, आणि शाळा सोडवू नका. लष्कराचं खेळाचं मोठं केंद्र पुण्याला आहे. लहान वयाची मुलं निवडून घेणाऱ्या खेळाच्या पलटणीही लष्करात आहेत, तिथं खेळाबरोबर शाळाही चालते. निवड कधी, कुठं, ते तालुक्याच्या क्रीडाधिकाऱ्याला विचारायचं. मध्ये कुणी दलाल पैसे मागू लागला तर दारातूनच वाटेला लावायचा.

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गुरुजी, त्यो पोहायला लागला म्हणून तरला. माझ्या पोराला पोहायला येत न्हाई."

"मग तेही शिकवा की."

"कुठं?" ते म्हणाले, आणि अंगणापलीकडच्या विहिरीकडं बोट दाखवलं. चैत्र सुरू होता. विहिरीत दोर सोडला तर बादली खडकावर वाजत होती.

पोरगं हसलं. म्हणालं, "पाऊस पडल्यावर शिकतो, आबा."